टोपलीतला नाग, मडक्यातलं मांडूळ

 कोरड्या, भुसभुशीत मातीत राहणारा साप म्हणजे मांडूळ. बिनविषारी, मंद, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला शेपूट नडते. ती तोंडाइतकीच बोथट, म्हणून तो ‘दुतोंड्या’. गुप्तधनाच्या नादाने लोक त्याला मडक्यात कोंडतात, दलाल वजनावर भाव लावतात. दुसरं तोंड खरं वाटावं म्हणून शेपटीवर चरे पाडणारे महाभागही आहेत.

आपल्याकडचा ‘पाळलेला’ साप बहुधा मांडूळ, नाहीतर गारुड्याच्या टोपलीतला नाग. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं दोन्ही बंद. तरी सुटका करून आणलेले साप येतच राहतात. नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात ७२ सापांसोबत ७२ तास बसले, १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं, आणि सापाला मारण्याऐवजी सर्पमित्राला बोलवायची सवय लागली. पण साप पकडण्याचं जेवढं कौतुक झालं, तेवढं तो बरा करण्याचं झालं नाही. खरी विद्या तीच.

नागपंचमीचा नाग घ्या. दात तोडलेले, कधी तोंड शिवलेलं, हिरड्यांत पू. तहानेनं व्याकूळ केलेला म्हणून तो दूध पितो. ते पचत नाही, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. अशाला आधी खाऊ घालायचं नाही, ऊब द्यायची. सापाची प्रतिकारशक्ती अंगाच्या उष्णतेवर चालते, थंड सापाला औषधही नीट लागू पडत नाही. मग कोमट पाण्यात बसवणं, टाके कापणं, जखमा धुणं. नळीनं पातळ अन्न द्यायचं तर हात स्थिर हवा: श्वासाचं छिद्र खालच्या जबड्यात अगदी पुढे असतं, नळी त्याच्या मागून अन्ननलिकेत सरकवायची. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं, तिथे टोचलेलं औषध वाया जाऊ शकतं किंवा मूत्रपिंडालाच त्रास देतं.

तुटलेले दात पुन्हा येतात. विषग्रंथीच कापली असेल तर नाग शिकारीला मुकतो. त्याला जन्मभर सांभाळावं लागतं. मांडूळ बरं होऊन मातीत जाऊ शकतं, पण पोलिसांच्या लेखी ते मुद्देमाल असतं. ते सोडायलाही कोर्टाची परवानगी काढावी लागते.