पायाचे हाड, नवा जबडा

गालाचा किंवा हिरडीचा कर्करोग जबड्यात शिरला, की गाठीसोबत हाडही काढावे लागते. अशा उपचारांसाठी वसई-विरारचे अनेक रुग्ण लोकलने परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. 1941 पासून ते कर्करुग्णांचा आधार आहे.

काढलेल्या जबड्याच्या जागी बहुधा पोटरीतले बारीक हाड, फिब्युला, बसवतात. शरीराचा भार मुख्यतः शेजारचे जाड हाड पेलते, म्हणून रुग्ण पुन्हा चालू लागतो. फिब्युलाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. जबड्यासाठी ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये मांडली.

तयारीत रुग्णाचाही वाटा मोठा. तंबाखू पूर्ण बंद हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवे हाड धोक्यात येते. गिळता येत नसेल, तर नाकातल्या नळीतून प्रथिनयुक्त आहार द्यावा. दात आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गळ्यातल्या नळीमुळे बोलता येत नाही. घरच्यांनी वही-पेन जवळ ठेवावे.

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.