तेरावा महिना

वंदना संपते. विहारातल्या सतरंज्या फिरवून फळ्याकडे तोंड करून अंथरल्या जातात, आणि दाराशी चपलांचा ढीग वाढायला लागतो. छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनाच्या जवळची ही वस्ती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात सुरू केलं, तेच पुढे ‘मिलिंद’ झालं. इथल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर तिथूनच आला. समोर शिकवायला उभे असलेले सरही तिथलेच. दिवसा बँकेत नोकरी करतात, संध्याकाळी इथे येतात, पैसे घेत नाहीत.

शेजारच्या घरातला टीव्ही बंद होतो. पलीकडच्या गल्लीत हळद आहे, पण डीजे नऊनंतर लावायचा असं ठरलंय. दहावीचा वर्ग चालू आहे, एवढं कारण पुरतं.

आज गणित भाग १ मधली अंकगणिती श्रेढी. सर उदाहरण घालतात : बचतगटात पहिल्या महिन्याला १०० रुपये, पुढे दर महिन्याला २० वाढवायचे. वर्षाचे किती?

पेनं धावतात. ‘२५२०!’ एकदम पाचसहा आवाज.

‘बरोबर. पण सूत्रात निम्मं का करतो आपण?’

कुणी बोलत नाही. सूत्र सगळ्यांना पाठ आहे. ४० गुणांच्या पेपरात ते चालूनही जाईल. घरच्यांनी या मार्कांसाठी पोटाला चिमटा काढलाय, हे यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून ‘समजलं नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघता निघत नाहीत. मला वाटतं, इथल्या शिक्षकाचं सगळ्यात नाजूक काम हेच : घरच्यांची आस्था जपायची आणि मुलांवरचा तिचा भार मात्र उतरवायचा.

सर बाराही महिन्यांचे आकडे ओळीने लिहितात. पहिला आणि शेवटचा कमानीने जोडतात : १०० आणि ३२०. मग १२० आणि ३००. मग १४० आणि २८०.

मागे भिंतीला टेकून चार बाया बसल्यात, मुलींना घरी न्यायला आलेल्या. त्यांतली एक पदर सावरत विचारते, ‘सर, म्या मधीच इचारते. सगळ्याच जोड्या चारशे वीसच कशा येऊ लागल्या?’

तिची मुलगी मान खाली घालते. सर खडू खाली ठेवतात. ‘ताई, चांगलं विचारलंत.’ मग मुलीकडे वळून, ‘आईला तूच सांग.’

मुलगी उठते. फळ्यापाशी जाऊन बोट ठेवते. ‘आई, हे बघ. इकडून पुढं गेलं की वीस वाढले. तिकडून मागं आलं की वीस कमी झाले. मग बेरीज तेवढीच राहते ना.’ बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होतो. ‘बारा आकडे, म्हणून जोड्या सहा. म्हणून निम्मं, सर!’

‘आन् तेरा महिने भरले तर?’ दुसरी बाई.

आता मुलंच एकमेकांत बोलायला लागतात. कडेचा एक मुलगा, इतका वेळ गप्प बसलेला, हात वर करतो. ‘सर, मधला एकटा उरतो. त्याला जोडी नाही. मग सूत्र चुकलं?’

सर त्याच्या हातात खडू देतात. तो शेवटी ३४० लिहितो, कडेच्या जोडीची बेरीज करतो, ४४०. मग मधल्या २२० भोवती गोल काढतो आणि क्षणभर थांबतो.

‘हा तर जोडीच्या निम्माच आहे,’ तो म्हणतो, आणि पुढचं लिहायला फळ्यावर जागा पुसतो.