विश्लेषण : अमेरिकेत नियम कोण बनवते? आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा?

१९३०च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारने टेक्सासमधील तेल उत्पादकांवर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तेल काढल्याबद्दल कारवाई सुरू केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा भलतेच समोर आले. ज्या नियमाच्या भंगासाठी कारवाई होत होती, तो नियमच शिल्लक नव्हता. सुधारित आदेश काढताना संबंधित परिच्छेद चुकून गळला होता. याचा पत्ता ना उत्पादकांना होता, ना कनिष्ठ न्यायालयांना, ना सरकारी वकिलांना. कारण सरकारी नियम एका जागी छापण्याची व्यवस्थाच नव्हती. या फजितीनंतर १९३५ मध्ये कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी ‘फेडरल रजिस्टर’ या राजपत्राचा पहिला अंक निघाला. सरकारी नियम लोकांना दिसले पाहिजेत, हा प्रश्न तेव्हा सुटला. मात्र ते करण्याचा अधिकार किती आणि कोणाचा, हा वाद आजही सुरू आहे.

कायदा आणि नियम यांत फरक काय?

कायदा अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस करते. पण हवेत कोणत्या वायूचे प्रमाण किती चालेल, औषधाच्या चाचण्या कशा घ्याव्यात, असे तपशील कायद्यात क्वचितच असतात. ते ठरवण्याचे काम पर्यावरण संरक्षण संस्था किंवा अन्न व औषध प्रशासन यांसारख्या केंद्रीय यंत्रणांवर सोपवले जाते. त्यांनी केलेले नियमही कायद्याइतकेच बंधनकारक असतात. हे नियम करणारे अधिकारी मात्र निवडून आलेले नसतात. वादाचे मूळ इथे आहे.

नियम कसा तयार होतो?

१९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने याची चौकट घालून दिली. यंत्रणेने आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांकडून अभिप्राय मागवायचे, महत्त्वाच्या आक्षेपांना उत्तर द्यायचे आणि मग अंतिम नियम कारणांसह जाहीर करायचा. तो साधारणपणे किमान ३० दिवसांनी लागू होतो. आपल्याकडे वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘हरकती व सूचना’ मागवणाऱ्या जाहिरातींसारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, गंभीर आक्षेपाकडे दुर्लक्ष केले किंवा निर्णय मनमानी ठरला, तर न्यायालय तो नियम रद्द करू शकते. याशिवाय १९९६ च्या एका कायद्यानुसार काँग्रेसलाही ठराव करून नवा नियम मोडीत काढता येतो.

पण लोकांचे म्हणणे खरोखर पोहोचते का?

२०१७ मध्ये इंटरनेट समानतेचे नियम मागे घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दोन कोटी २० लाखांहून अधिक अभिप्राय जमा झाले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी करून २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यापैकी जवळपास एक कोटी ८० लाख अभिप्राय बनावट होते. सुमारे ८५ लाखांमागे ब्रॉडबँड कंपन्यांचा पैसा होता. दुसऱ्या बाजूने १९ वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एकट्याने ७७ लाख अभिप्राय यंत्राद्वारे पाठवले होते. दार सर्वांसाठी उघडे ठेवले म्हणून आत येणारा प्रत्येक जण नागरिकच असतो असे नाही, हे त्यातून दिसले.

‘शेव्हरॉन’ तत्त्व काय होते?

कायद्यातील शब्द संदिग्ध असेल तर अर्थ कोणी लावायचा? १९८४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रदूषणाचा ‘स्रोत’ म्हणजे कारखान्यातील प्रत्येक यंत्र की संपूर्ण कारखाना? रेगन प्रशासनाने ‘संपूर्ण कारखाना’ असा उद्योगांना सोयीचा अर्थ लावला. पर्यावरणवादी संघटनेने आव्हान दिले आणि ती हरली. शब्द संदिग्ध असेल आणि यंत्रणेने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाने तो मान्य करावा, असे न्यायालय म्हणाले. पुढे हेच तत्त्व कडक पर्यावरण नियमांच्या बचावासाठीही वापरले गेले आणि उद्योगजगत त्याच्या विरोधात गेले. योगायोग असा की, तो वादग्रस्त अर्थ लावला गेला तेव्हा पर्यावरण संस्थेच्या प्रमुख अ‍ॅन गोरसच होत्या. ४० वर्षांनी हे तत्त्व रद्द करणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे पुत्र नील गोरसच होते.

२०२४ मध्ये काय बदलले?

निमित्त ठरले हेरिंग मासे पकडणारे मच्छीमार. जास्त मासेमारी होऊ नये म्हणून बोटीवर सरकारी निरीक्षक ठेवता येईल, असे १९७६ चा कायदा सांगतो. पण हेरिंगच्या बोटींवर त्याचा खर्च कोणी द्यायचा, याबद्दल तो गप्प होता. यंत्रणेने हा दिवसाला सुमारे ७०० डॉलरचा बोजा बोटमालकांवर टाकला. न्यू जर्सीतील मच्छीमार कंपन्या न्यायालयात गेल्या. २८ जून २०२४ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने शेव्हरॉन तत्त्व संपवले. कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम आहे, ते यंत्रणेवर ढकलता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

दोन्ही बाजू काय म्हणतात?

समर्थकांच्या मते, कायदा तोच असताना दर चार वर्षांनी सरकार बदलले की त्याचा अर्थ बदलणे ही मनमानी आहे, आणि तिची किंमत लहान व्यावसायिक मोजतो. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती एलेना कागन यांचा मुद्दा वेगळा होता. तांत्रिक प्रश्नांचे ज्ञान यंत्रणांकडे असते आणि त्या राष्ट्राध्यक्षांमार्फत मतदारांना काही प्रमाणात तरी उत्तरदायी असतात. न्यायाधीश तहहयात पदावर असतात. मग अधिकार त्यांच्याकडे गेल्याने उत्तरदायित्व वाढले की घटले?

भारतीयांशी याचा संबंध काय?

एच-१बी व्हिसाधारकांच्या ठरावीक जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळते, ती २०१५ च्या अशाच एका नियमामुळे. काँग्रेसने तशी स्पष्ट तरतूद केलेली नाही. पुण्या-मुंबईहून गेलेल्या अनेक आयटी कुटुंबांचे घरखर्चाचे गणित त्यावर उभे आहे. शेव्हरॉन तत्त्व गेल्यावर हा नियमही कोसळेल, अशी भीती होती. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. पण नियमाने दिलेले दुसरे सरकार नवा नियम काढून परत घेऊ शकते, ही टांगती तलवार कायम आहे.

सामान्य माणसाच्या हातात काय?

अमेरिकेत १९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा आहे. त्याखाली यंत्रणेने २० कामकाजी दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते, मात्र काँग्रेस आणि न्यायालये त्याच्या कक्षेत येत नाहीत. भारताचा २००५ चा माहिती अधिकार कायदा याबाबतीत अधिक व्यापक आहे, तो संसदेला आणि न्यायालयांनाही लागू होतो. नियम बनवण्याच्या टप्प्यावर मात्र आपण मागे आहोत. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राचे २०१४ चे धोरण सांगते, पण ते कायद्याने बंधनकारक नाही. हरकत नोंदवल्यावर तिचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा हक्क मिळाला तरच ‘हरकती व सूचना’ या शब्दांना वजन येईल.