एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा
(बी. ए. भाग २)

आर्वीचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न हे शीर्षक वाचून कोणीही विचारील. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही, मीही नाही. परंतु भूगोलाच्या तासाला 'गरजणारे चाळीस' हे वाऱ्यांचे नाव आले आणि त्या वाऱ्यांतून माणसे शिडाच्या नौका हाकतात, तेही एकेकटी, हे कळल्यावर मिळाले तेवढे मी वाचून काढले. त्यात कळले की, अशा पहिल्या शर्यतीत जिंकलेली नौका आपल्या मुंबईत बांधलेली होती.

तिचे नाव 'सुहैली'. लांबी अवघी ३२ फूट, म्हणजे आपल्या एस.टी.पेक्षाही थोडी आखूडच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकाऱ्याने १९६३-६४ च्या सुमारास ती मुंबईच्या कारागिरांकडून सागवानी लाकडात बांधून घेतली. १९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. एकट्याने, कोणत्याही बंदराला न लागता, कोणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. प्रथम परतणाऱ्यास मानाचा सोनेरी गोल, सर्वांत कमी दिवस घेणाऱ्यास ५,००० पौंड. नऊजण निघाले. पूर्ण केली एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने. १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघालेली 'सुहैली' २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी तेथेच परतली.

यात धोका नेमका कोणता? दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली जमीन जवळजवळ नाहीच. पश्चिमेचे वारे अडविणारा डोंगर नाही की किनारा नाही. वारा जितक्या लांबवर पाण्यावरून वाहील तितकी लाट मोठी होते. त्यातही नुसत्या उंच लाटेपेक्षा फुटणारी लाट वाईट. तिच्या तोंडी नौका आडवी सापडली की कलंडते. तळाला जड वजन असल्याने ती पुन्हा सरळ होते खरी, पण तेवढ्यात डोलकाठी मोडते. आणि डोलकाठी गेली की शीड गेले. मदतीचे जहाज यायला दिवसचे दिवस लागतात. झोपही तुकड्यातुकड्यांनी घ्यायची. तेवढा वेळ वाऱ्यावर चालणारे सुकाणूचे यंत्र नौका सांभाळते. नॉक्स-जॉन्स्टनचे ते यंत्र वाटेत मोडले, रेडिओ बंद पडला. त्याआधीच, अटलांटिकमध्ये, नौकेला गळती लागली होती. तेव्हा गडी पाण्यात उतरला आणि फटीत कापूस ठोकून त्याने ती बुजविली. (आम्हा कापूसवाल्यांच्या मुलांना हे वाचून बरे वाटते!)

परंतु मला सर्वांत अस्वस्थ केले ते डोनल्ड क्राउहर्स्टने. याचा जन्म १९३२ सालचा, आपल्याकडील गाझियाबादचा. विजेच्या उपकरणांचा त्याचा छोटा कारखाना तोट्यात होता. शर्यतीसाठी घर आणि धंदा दोन्ही त्याने पणाला लावली. माघार घेतली तर दिवाळेच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, तो अर्ध्या तयारीच्या नौकेतून निघाला. नौका दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही हे त्याला लवकरच कळले. पुढे जावे तर मरण, मागे फिरावे तर कर्ज आणि नाचक्की. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटा प्रवास कळवीत राहिला. तो जवळ येतो आहे असे समजून नायजेल टेटलीने आपली खिळखिळी नौका जोरात हाकली. २१ मे १९६९ रोजी ती बुडाली, टेटली वाचला. आता लबाडीनेच क्राउहर्स्टचा विजय जवळ आला, म्हणजे त्याच्या नोंदवह्यांची तपासणी अटळ झाली. १० जुलै रोजी त्याची नौका सापडली, ती रिकामी. ५,००० पौंडांचे बक्षीस नॉक्स-जॉन्स्टनने क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

कोणी त्याला लबाड म्हणतात. मला तसे सहज म्हणवत नाही. पीक बुडाले तरी चारचौघांत 'यंदा बरं हाय' म्हणणारी माणसे मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत. कर्ज डोक्यावर आणि घरच्यांचे डोळे वाटेकडे, अशा वेळी खरे बोलणे किती अवघड, हे घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या आम्हा मुलींना सांगावे लागत नाही. लाटेने त्याला गाठण्यापूर्वीच परतीची वाट बंद झाली होती.

पुढे शिडाच्या नौकेचे वेड आपल्याकडेही आले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली, बंदरे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नंतर २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता ती पूर्ण केली. २०१८ साली जुन्या 'गोल्डन ग्लोब'च्या पद्धतीने पुन्हा शर्यत झाली. दिशा शोधायला आधुनिक साधने नाहीत, सूर्यतारे पाहायचे. टॉमी निघाले ते दांडेकरांनीच बांधलेल्या 'तुरीया'तून, आणि ती होती 'सुहैली'चीच प्रतिकृती. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती कलंडली, डोलकाठी गेली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्यांना उठताही येईना. ऑस्ट्रेलियाचे पर्थ तेथून सुमारे ३,५०० कि.मी.! तरी उपग्रहाद्वारे निरोप पाठविता आला, नौदलाच्या विमानाने नौका हेरली आणि तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले. 'तुरीया' समुद्रातच सोडावी लागली.

पाठीत टिटॅनियमचे दांडे बसवून हा माणूस पुन्हा चालायला शिकला आणि २०२२ साली त्याच शर्यतीला पुन्हा उभा राहिला. सोळा निघाले, न थांबता शर्यत पूर्ण केली तिघांनी. टॉमी दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. वाटेत तापिओ लेहतिनेन या स्पर्धकाची नौका बुडाली तेव्हा आपली वाट सोडून त्याला वाचवायला गेली होती तीही हीच.