सर्व्हरचे बारा

टीममध्ये नवीन आलेल्या मुलाला ‘रोज रात्री बिल्ड आपोआप चालेल असं लाव’ म्हटलं, की तो हमखास रात्री बाराची वेळ टाकतो. दिवसभर बिल्डच सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला ती वेळ दिसली की कपाळाला हात लावावासा वाटतो.

बिल्ड म्हणजे काय ते आधी सांगते. तुमच्या मोबाइलवरचं बँकेचं अ‍ॅप बरेच जण मिळून लिहितात. प्रत्येकाचा तुकडा त्याच्या लॅपटॉपवर झकास चालतो. सगळे तुकडे एकत्र करून, त्यांतून चालणारं अ‍ॅप बनवून चाचण्या घेतल्या, की कोणी कोणाच्या पायात पाय घातलाय ते कळतं. हे रोज हाताने करायला कोणी बसणार नाही, म्हणून ते सर्व्हरवर सोपवतात. आमचा सर्व्हर जेनकिन्स. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोहसुके कावागुची यांनी तो २००४ मध्ये लिहायला घेतला. त्यांच्या कोडमुळे बिल्ड फुटला की सहकारी वैतागत, त्यावर त्यांनी काढलेला हा उपाय. तेव्हा त्याचं नाव हडसन होतं. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावावरून वाजलं आणि २०११ मध्ये त्याचा जेनकिन्स झाला.

वेळ सांगण्याची रीत मात्र त्याहून जुनी, युनिक्सच्या क्रॉनची. पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथे काहीही चालेल तिथे स्टार. रात्री बारा म्हणजे दोन शून्यं आणि तीन स्टार. लिहायला सोपं, म्हणून प्रत्येक जण तेच लिहितो. सकाळी पाणी आलं की सोसायटीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि वरच्या मजल्याला थेंब मिळत नाही, तशी गत होते. बाराच्या ठोक्याला सर्व्हरवर लावलेली सगळी कामं, म्हणजे जॉब, एकदम उठतात, मशिनं मोजकीच, रांग लागते. चाचण्यांना ठरलेल्या वेळात उत्तर मिळत नाही आणि सकाळी पडदा लालभडक. कोडमध्ये खोट काहीच नसते.

जेनकिन्समध्ये याला सुरेख तोड आहे. मिनिटाच्या रकान्यात शून्याऐवजी एच लिहायचं. सर्व्हर जॉबच्या नावावरून एक आकडा काढतो आणि त्या जॉबला रोज तेच मिनिट देतो. दुसऱ्या जॉबचं नाव वेगळं, त्यामुळे मिनिटही बहुधा वेगळं. ‘मिडनाइट’ नावाचा तयार पर्याय तर बारा ते दोन एकोणसाठ यांच्यामध्ये कुठेही काम सुरू करतो. घड्याळाशी केलेली ही लबाडी मला फार आवडते.

वाराच्या रकान्यातही गंमत होते. ऑफिस सोमवार ते शुक्रवार, म्हणून लोक एक ते पाच लिहितात आणि वेळ टाकतात पहाटे दोनची. आता बघा: शुक्रवारी संध्याकाळी टाकलेल्या कोडचा बिल्ड शनिवारी पहाटे व्हायला हवा, तो थेट सोमवारी पहाटे होतो. लिहायला हवं दोन ते सहा, म्हणजे मंगळवार ते शनिवार. त्यात सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर आपले पहाटेचे दोन म्हणजे त्याचे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. मग वारही एकाने मागे सरकतो आणि एक ते पाच हेच बरोबर ठरतं! जेनकिन्समध्ये वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता लिहून ही कटकट मिटवता येते.

कोणी विचारेल, हल्ली नवा कोड आला की कोडमधले बदल नोंदवणारं गिटच सर्व्हरला कळवतं आणि बिल्ड लगेच सुरू होतो, मग घड्याळ हवं कशाला? प्रत्येक बदलाची लगेच तपासणी व्हावी हे खरंच. पण काही चाचण्या तासन् तास चालतात, त्या दर बदलाला परवडत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: आपण काही बदललं नाही तरी बाहेरचं जग बदलतं. जावाच्या असंख्य प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिण्यासाठी लॉगफोरजे नावाची लायब्ररी वापरतात. तिच्यात २०१३ पासून एक भगदाड होतं, ते जगजाहीर झालं डिसेंबर २०२१ मध्ये. आदल्या दिवशी सुरक्षित समजला जाणारा कोड, एक अक्षरही न बदलता, दुसऱ्या दिवशी धोक्याचा ठरला. ज्या प्रोजेक्टमध्ये कोणी काही टाकतच नाही, तिथे गिट कोणाला काय कळवणार? म्हणून ‘बदल नाही तर बिल्ड नको’ असं म्हणून वीज वाचवणाऱ्यांशी माझं पटत नाही. बदल नसलेल्या रात्रीही निदान बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्यांची तपासणी तरी झालीच पाहिजे.

वेळापत्रक लावलं म्हणजे ते कायम चालेल, असंही नाही. गिटमधला कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या साइटवर सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये साठ दिवस काही हालचाल झाली नाही, तर तिथलं वेळेनुसार चालणारं काम आपोआप बंद होतं. पानावर मात्र शेवटच्या यशस्वी बिल्डची हिरवी खूण तशीच राहते. तेव्हा हिरवं दिसलं तरी शेजारची तारीख तेवढी वाचत जा.