फाइव्ह स्टार आणि चाळीस टक्के

मार्च उजाडला की आमच्याकडचे फोन वाजू लागतात. वर्षभर शोरूमचा एसी सोळावर लावून दार सताड उघडं ठेवणाऱ्या कापड दुकानदाराला, आर्थिक वर्ष संपायला पंधरा दिवस उरले की ऊर्जाबचत आठवते. प्रश्न दरवर्षी तोच: "साहेब, फाइव्ह स्टार एसी घेतले तर चाळीस टक्के घसारा मिळतो ना?"

नाही मिळत. पंधरा टक्के मिळतो. शेजारच्या दुकानदाराने दुप्पट वीज खाणारा एसी घेतला, तर त्यालाही पंधराच. लेबलावरचे तारे वीजबिलात दिसतात, आयकराच्या विवरणपत्रात नाही.

मग हे चाळीस टक्के आले कुठून? आयकराच्या १९६२ च्या नियमांना एक परिशिष्ट जोडलेलं आहे. कोणत्या मालमत्तेवर वर्षाला किती घसारा लावायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो आणि कलमांचे आकडे बदलतात. इथले दर आणि उदाहरणं जुन्या कायद्याच्या चौकटीतली आहेत.) त्या परिशिष्टात 'ऊर्जा वाचवणारी साधने' अशी एक यादी आहे आणि तिच्यासाठी दर ४० टक्के आहे. गैरसमजाचं मूळ हे शीर्षकच. दुकानदार शीर्षक वाचतो, यादी वाचत नाही.

यादी वाचली तर बॉयलर भेटतात, भट्ट्या भेटतात, बर्नर, टर्बाइन, अगदी कापड गिरणीतले स्टेंटरही भेटतात. एलईडी दिवा भेटत नाही. इन्व्हर्टर एसी, दुहेरी काचेची खिडकी, छताचं इन्सुलेशन यांचाही पत्ता नाही. यादी कारखान्याची आहे, इमारतीची नाही. तिच्यातून काही गमतीदार निकाल लागतात. विजेची वायरिंग, स्विच आणि पंखे यांची गणना फर्निचर-फिटिंगमध्ये होते, म्हणजे घसारा १० टक्के. बीएलडीसी पंखा साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतो, पण त्यालाही दहाच. भिंत, छत, काच हा इमारतीचा भाग, तिथेही दहा. थोडक्यात, ऊन आत येऊ न देणाऱ्या वस्तूला सर्वांत कमी आणि आत आलेलं ऊन वीज जाळून बाहेर काढणाऱ्या यंत्राला त्याहून जास्त. हे उलटं आहे, आणि कायदा करणाऱ्यांनी कधीतरी याकडे बघायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही मोठ्या इमारतीत या यादीतल्या काही वस्तू असतात, फक्त त्या कुणी वेचून काढत नाही. मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी सॉलिड स्टेट साधनं, म्हणजे चिलर, पंप आणि ब्लोअरवर बसवतात ते व्हीएफडी, यादीत आहेत. कपॅसिटर आहेत. दिवसाच्या वेळेप्रमाणे वीज मोजणारे मीटर आहेत. हॉटेलात गरम पाण्यासाठी बसवतात तो हीट पंप, बाहेर जाणाऱ्या हवेतला गारवा परत मिळवणारं एनर्जी व्हील, उष्णतेवर चालणारी व्हेपर अॅब्सॉर्प्शन यंत्रणा या गोष्टीही कुठल्या ना कुठल्या शीर्षकाखाली सापडतात. अडचण बिलाची असते. ठेकेदार 'वातानुकूलन यंत्रणेचे संपूर्ण काम' असा एकच आकडा लिहून देतो आणि सगळं पंधराच्या डब्यात जातं. व्हीएफडीची किंमत, बसवण्याचा खर्च, मीटरची किंमत अशी वेगवेगळी ओळ मागून घ्यायला एक फोन लागतो. हे काम ऑर्डर देतानाच करायचं. काम संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

सौर पॅनेल मात्र स्वतंत्र शीर्षकाखाली, अपारंपरिक ऊर्जेच्या साधनांत, बिनदिक्कत ४० टक्क्यांत बसतात. त्यांचा इतिहास रंजक आहे. पूर्वी या गटाला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे, नंतर तो ८० झाला. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं, त्यात वाऱ्याइतकाच वाटा या घसाऱ्याचा होता. चक्की किती वीज देते यापेक्षा ती कोणत्या तारखेला उभी राहिली, याकडे काही गुंतवणूकदारांचं जास्त लक्ष असे. १ एप्रिल २०१७ पासून कोणत्याही मालमत्तेवरच्या घसाऱ्याला ४० टक्क्यांची कमाल मर्यादा आली. तरी आजही कुणी विक्रेता '८० टक्के' म्हणाला, तर त्याचं माहितीपत्रक जुनं आहे.

आता जास्त खोलवर रुजलेल्या समजाकडे. घसारा म्हणजे सरकारने दिलेले पैसे, असं बहुतेकांना वाटतं. दहा लाखांचे पॅनेल लावले, चाळीस टक्के, म्हणजे चार लाख परत! तसं नसतं. चार लाख उत्पन्नातून वजा होतात. कराचा दर ३० टक्के धरला (सेस, अधिभार सोडून) तर पहिल्या वर्षी कर १ लाख २० हजारांनी कमी होतो. हीच वस्तू १५ टक्क्यांत असती तर तो ४५ हजारांनीच कमी झाला असता. दुसऱ्या वर्षी उरलेल्या सहा लाखांवर ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार वजा आणि करात ७२ हजारांची घट. पण घसारा उरलेल्या किमतीवर लागत असल्याने तो दरवर्षी आटत जातो. शेवटी दोन्ही दरांनी दहाच लाख वजा होणार आणि तीन लाखांच्याच आसपास कर वाचणार. फरक पडतो तो वेळेचा. चाळीसवाल्याचे पैसे लवकर सुटतात, पंधरावाल्याला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. व्याजाचा दर पाहता लवकर सुटलेल्या पैशाला किंमत आहेच, पण ते बक्षीस नव्हे.

आणि ज्याच्याकडे कर भरण्याइतकं उत्पन्नच नाही, त्याला पहिल्या वर्षी हातात काहीच मिळत नाही. घसारा पुढे नेता येतो, एवढंच. सरकारी अनुदान मिळालं तर तेवढी रक्कम किमतीतून वजा होते. जीएसटीचं क्रेडिट घेतलं तर जीएसटीच्या रकमेवर घसारा मागता येत नाही. पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजार घरांसाठी आहेत, दुकानासाठी नाहीत. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून लिहिलं.

'३१ मार्चच्या आत बिल फाडलं की झालं' हा आणखी एक लाडका समज. कायदा बिलाची तारीख विचारत नाही, वस्तू त्या वर्षात 'वापरात आणली' का, ते विचारतो. पॅनेल ट्रकमधून उतरून गच्चीवर गवताच्या पेंढ्यांसारखे रचून ठेवले असतील तर त्यांना वापर म्हणत नाहीत. दुसरी अट तर बहुतेकांना ठाऊकच नसते: वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी दर निम्मा होतो. साध्या वर्षात ही सीमारेषा ३ ऑक्टोबरला पडते. ४ ऑक्टोबरला यंत्रणा सुरू झाली की चाळीसचे वीस, म्हणजे वरच्या उदाहरणातले १ लाख २० हजार साठ हजारांवर येतात. महावितरणकडे नेट मीटरचा अर्ज, तपासणी, मीटर बसणं यात दिवस जातात. दसऱ्याच्या मुहूर्तावर काम सुरू करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. मुहूर्त चांगला असतो, तारीख उशिराची असते.

आता गाळा भाड्याने दिलेल्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण खरं नुकसान इथे होतं. समजा पुण्यात डेक्कनवर तुमची तीन मजली इमारत आहे, दोन बँका आणि एक क्लास भाड्याने आहेत. तुम्ही वीस लाख खर्चून सौर यंत्रणा आणि नवी वातानुकूलन यंत्रणा लावलीत. तुमचं भाडं 'घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न' या शीर्षकाखाली येत असेल तर घसारा शून्य. या शीर्षकात मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि कर्जाचं व्याज. तुम्ही वीस लाख खर्च करा किंवा वीस रुपये, ते तीस टक्के बदलत नाहीत. त्यात वीजबिल भाडेकरू भरतो, म्हणजे बचतही त्याचीच. खर्च मालकाचा, फायदा भाडेकरूचा. जुन्या व्यापारी इमारतींत मालक हात आखडता घेतात, त्यामागे हा हिशेब असतो, कंजूषपणा नव्हे.

वाटा आहेत. भाड्याने देणं हाच ज्या कंपनीचा मुख्य व्यवसाय आहे, तिचं भाडं धंद्याचं उत्पन्न मानता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चेन्नई प्रॉपर्टीजच्या खटल्यात म्हटलं. दुसरी वाट सरळ आहे: भाडेकरूने स्वतःच्या धंद्यासाठी जागेच्या बांधकामावर भांडवली खर्च केला, तर त्यावरचा घसारा त्याला मिळतो. बिल भरणाराच खर्च करणार असेल, तर दोन्ही फायदे एकाच खिशात जातात. फक्त भाडेकरारात मुदत पुरेशी हवी. अकरा महिन्यांच्या करारावर कोण चिलर बदलेल?

यालाच जोडून: 'पॅनेल माझ्या गच्चीवर, म्हणजे घसारा माझा.' ओपेक्स पद्धतीत पॅनेल कंपनीचे असतात. तुम्ही युनिटच्या दराने वीज विकत घेता, गच्ची तुमची आणि घसारा कंपनीचा. युनिटचा दर कमी मिळण्याचं एक कारण तेच असतं, तेव्हा रागावण्यात अर्थ नाही. पण करार वाचल्याशिवाय दोन्हीकडून फायद्याची स्वप्नं रंगवू नयेत.

ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र असलं की आयकरात सूट मिळते, हेही चूक. गृह किंवा आयजीबीसीच्या मानांकनाची आयकर दखल घेत नाही. त्याचा फायदा दुसऱ्या दारातून येतो: महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा इमारतींना मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. तो नव्या बांधकामाला आणि बिल्डरला उपयोगी. शहरागणिक मिळकतकराची सवलत वेगळी. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असल्यास ५ टक्के आणि दोन वा अधिक असल्यास १० टक्के सवलत देत आली आहे. पण ही योजना सोसायट्यांना डोळ्यांसमोर ठेवून आहे, व्यापारी गाळेवाल्याने ती स्वतःला गृहीत धरू नये.

इमारतीची ऊर्जाक्षमता मोजण्याचं माप आपल्याकडे नाही असं मात्र नाही. इमारतींची ऊर्जासंवर्धन संहिता, ईसीबीसी, २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. तिच्या तीन पायऱ्यांवर अनुक्रमे २५, ३५ आणि ५० टक्के बचत अपेक्षित आहे. माप आहे, पण आयकराने ते कधी हातात घेतलं नाही.

अमेरिकेत घेतलं होतं. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने ग्रुपवर पाठवलेला 'चौरस फुटामागे डॉलर' हा मेसेज तिथल्या कलम १७९डीबद्दल असतो. २००५ च्या कायद्याने आलेल्या या कलमात वस्तूंची यादी नव्हे, इमारतीची ऊर्जाबचत पाहतात. २०२३ पासून २५ टक्के बचतीला चौरस फुटामागे ५० सेंट, ५० टक्के बचतीला एक डॉलर, आणि मजुरीच्या व शिकाऊ कामगारांच्या अटी पाळल्या तर याच्या पाचपट, असं सूत्र ठरलं. पुढे महागाईप्रमाणे हे आकडे वाढले. तीही उत्पन्नातली वजावटच आहे, हातात ठेवलेले डॉलर नव्हेत. आणि ३० जून २०२६ नंतर ज्या कामाची सुरुवात होईल त्याला ती मिळणार नाही, असं जुलै २०२५ च्या कायद्याने ठरवलं. पुण्यातल्या शोरूमला तिचा उपयोग कधीच नव्हता.

शेवटी पुन्हा आमच्या कापड दुकानदाराकडे. एसीच्या चाळीस टक्क्यांसाठी फोन करणाऱ्या या माणसाने गेल्या वर्षी दुकानातल्या ट्यूबलाइट काढून त्याच जागी एलईडी लावल्या होत्या आणि तापलेल्या पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिला होता. हे खर्च बहुधा चालू दुरुस्तीत बसतात, म्हणजे घसाऱ्याची वाट न पाहता पूर्ण रक्कम त्याच वर्षी वजा होते. त्याने ते बिल मला दिलंच नव्हतं. "अहो, त्यात काय, आठ-दहा हजारांचं काम," असं म्हणाला आणि गल्ल्याच्या खणात शोधू लागला.