मेक्सिको सिटी: मक्याच्या वाटेने

मेक्सिको सिटी हे शहर तळ्यावर उभे आहे. १३२५ च्या सुमारास मेशिका लोकांनी, ज्यांना बाहेरचे जग अझ्टेक म्हणून ओळखते, टेश्कोको सरोवरातल्या एका बेटावर तेनोचतित्लान ही राजधानी वसवायला घेतली. त्यांनी भराव टाकून बेट वाढवले आणि ते बांधांच्या रस्त्यांनी काठाशी जोडले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी एर्नान कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्यापुढे हे नगर पडले. कोर्तेसच्या बाजूने लढणाऱ्यांत त्लाश्कालासारख्या स्थानिक राज्यांचे योद्धे स्पॅनिशांपेक्षा कितीतरी जास्त होते, ही गोष्ट तिथल्या जुन्या शाळकरी इतिहासात फार बोलली जात नसे. विजेत्यांनी देवळे पाडली आणि त्याच दगडांतून चर्च आणि वाडे बांधले. पुढे तळेही आटवले. तळाची मऊ चिकणमाती मात्र राहिली. जमिनीखालचे पाणी उपसले जाते तसतसे शहर आजही खचत असते.

हे खचणे पाहायला दुर्बीण लागत नाही. सोकालो या विस्तीर्ण मध्यवर्ती चौकाच्या उत्तरेला मेट्रोपोलिटन कॅथेड्रल आहे. त्याचे बांधकाम १५७३ मध्ये सुरू होऊन १८१३ पर्यंत चालले. आत पाऊल टाकले की फरशीचा उतार पायांना जाणवतो. शेजारीच तेम्प्लो मायोर, म्हणजे मेशिकांच्या मुख्य देवळाचे अवशेष आहेत. फेब्रुवारी १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत असताना चंद्रदेवता कोयोलशाउकीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा लागली आणि त्यातून पुढचे सगळे उत्खनन सुरू झाले. शहराचा हा जुना भाग आणि दक्षिणेकडचे सोचिमिल्को यांना १९८७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले.

कॅथेड्रलमध्ये मराठी माणसाने एका कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाकक्षात, जरा थांबावे. ते संत फेलिपे दे हेसूस यांचे आहे. ते याच शहरात जन्मलेले फ्रान्सिस्कन. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत ज्या २६ जणांना क्रुसावर चढवले गेले, त्यांत हे होते आणि वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सियाही होते. दोघांना १८६२ मध्ये एकाच वेळी संतपद मिळाले. मेक्सिकोचा पहिला संत आणि भारतात जन्मलेला पहिला संत असे एकत्र यावेत हा योगायोग खरा, पण तो फिलिपिन्समार्गे चालणाऱ्या जहाजवाहतुकीतून घडला. मनिला ते आकापुल्को ही गलबते १५६५ पासून १८१५ पर्यंत जात-येत होती.

चौकात पिसांचा टोप घातलेले नर्तक शंख फुंकत असतात आणि कोपाल नावाच्या राळेचा धूर अंगावर फिरवून ‘दृष्ट काढून’ देतात. हा बराचसा पर्यटकांसाठीचा खेळ आहे, पण सगळाच नव्हे. या नर्तकांच्या काही मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत आणि सणाच्या दिवशी त्या कोणी पाहो न पाहो, नाचतातच. एका वस्तूपुरते मात्र खेळ आणि जगणे वेगळे काढावे लागत नाही. ती वस्तू म्हणजे मका.

मका मेक्सिकोतच माणसाळला. बालसास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टेओसिंते नावाच्या रानगवतातून शेतकऱ्यांनी तो घडवला. आजही देशात मक्याची सुमारे साठ देशी वाणे पेरली जातात, पांढरी, पिवळी, तांबडी आणि निळी. पण तिथले कसब नुसते पिकवण्यात नाही, शिजवण्यातही आहे. कोरडा मका चुन्याच्या पाण्यात थोडा शिजवून रात्रभर त्यातच ठेवतात. सकाळी दाणे पिवळटसर झालेले असतात आणि चोळले की साल बोटांना लागून निघते. ते धुऊन मेटाटेवर, म्हणजे तीन पायांच्या उतरत्या पाट्यावर, दगडी वरवंट्याने वाटतात. चुन्यात शिजवलेल्या या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे दाण्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, ही रीत मात्र नेली नाही. परिणामी इटली आणि स्पेनमधल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने शतकभराहून अधिक काळ छळले.

वाटलेल्या पिठाचा गोळा तळहातांत थापून कोमालवर, म्हणजे तव्यावर टाकला की तोर्तिया होते. ठाणे-भिवंडीच्या आगरी घरांत तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी थापणाऱ्या बाईला यातले काहीच परके वाटणार नाही: पाण्याचा हात, कडा फाटू न देण्याची काळजी, तव्यावर फुगल्यावरचा आनंद. फरक इतकाच की तोर्तिया लहान असते आणि जेवताना तीच ताट, चमचा आणि घास तिन्ही असते. बाजारांच्या तोंडाशी आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका निळ्या मक्याचे त्लाकोयो भाजत बसलेल्या दिसतात. हा वाटलेल्या घेवड्याचे सारण भरलेला लांबट गोळा. वर निवडुंगाच्या चिरलेल्या फडांची भाजी, चीज आणि हिरवी चटणी. फड्या निवडुंग आपल्याकडे कुंपणाला आणि ओसाड माळाला असतो. तिथे शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्टामध्ये त्याची रीतसर शेती होते. मिरची, टोमॅटो, चिकू, झेंडू आणि निशिगंध ही आपल्या परसातली मंडळीही मूळची त्याच भूभागातली.

शहरात आता बहुतेक तोर्तिया यंत्रावर निघतात. गल्लीतल्या तोर्तियेरियासमोर दुपारी रांग लागते. किलोवर तोलून कागदात गुंडाळलेल्या त्या गरम चवडीतली वरची एक वाटेतच मिठाबरोबर खाण्याची पद्धत आहे. पुष्कळ दुकाने तयार पिठाच्या पोत्यांवर चालतात. जाणते खवय्ये मात्र निश्तामाल घरी करणाऱ्याचे दुकान शोधून काढतात. पारंपरिक मेक्सिकन पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्याआधी, २००७ मध्ये, ‘मका नाही तर देश नाही’ अशा घोषणेची देशव्यापी चळवळ उभी राहिली होती. मका हा तिथे राजकारणाचाही विषय आहे.

ते राजकारण भिंतीवरही रंगवलेले आहे. सोकालोच्या उत्तरेला चालत काही मिनिटांवर शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. १९१० नंतरच्या क्रांतीत पोळलेल्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. त्यांना त्यांचाच इतिहास चित्रांतून सांगावा, असे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी ठरवले. दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात या इमारतीच्या दोन चौकांभोवतीच्या भिंती भरून काढल्या. खाणकामगार आहेत, विणकर आहेत, मक्याचा सण आहे, मृतांचा दिवस आहे. ओल्या गिलाव्यावर रंग भरत जाण्याची ही पद्धत घाईची आणि न पुसता येण्याजोगी. गिलावा सुकायच्या आत त्या दिवसाचा तुकडा संपवावा लागतो.

वरच्या मजल्यावर ‘आमची भाकरी’ या नावाचे १९२८ सालचे चित्र आहे. कष्टकरी माणसे, बायका आणि मुले एका मेजाभोवती बसली आहेत. मध्ये बसलेला सावळा माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, असे मानले जाते.

खानखोजे क्रांतिकारक म्हणून देश सोडून गेले आणि शेतीशास्त्रज्ञ म्हणून गाजले. अमेरिकेत त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत उडी घेतली. पहिल्या महायुद्धात ते इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि मॉस्को असा प्रवास करून १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले. तिथल्या क्रांतीने जमीनदारांच्या जमिनी काढून गावांना द्यायला घेतल्या होत्या. जमीन हाती आली तरी ती चांगली कसायला शिकवणार कोण, हा प्रश्न होता. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवता शिकवता खानखोज्यांनी शेतकऱ्यांसाठी ‘मुक्त कृषी शाळा’ काढल्या. त्यात प्रवेशाची अट नव्हती आणि फी नव्हती. धडे थेट शेतात होत. मका, गहू आणि कडधान्यांवर त्यांनी संशोधन केले. मक्याचा त्याच्या पूर्वजाशी, टेओसिंतेशी, संकरही करून पाहिला. इटालियन छायाचित्रकार टीना मोदोत्ती तेव्हा मेक्सिकोतच राहत होती. तिने या शाळांची, कणसांची आणि खुद्द खानखोज्यांची छायाचित्रे काढली. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. तरीही वर्ध्या-नागपुरात त्यांचे नाव जितके ठाऊक असायला हवे तितके ते नाही.

भित्तिचित्रांतला मका प्रत्यक्ष शेतात पाहायचा तर सोचिमिल्कोला जावे. जुन्या तळ्याचा हा उरलेला कोपरा. इथे चिनाम्पा आहेत. उथळ पाण्यात खुंट ठोकून, त्यांत गाळ आणि पाणवनस्पतींचे थर भरून केलेल्या या लांबट वाफ्यांना लोक हौसेने ‘तरंगत्या बागा’ म्हणतात. त्या तरंगत नाहीत. काठाच्या वीलोसारख्या झाडांची मुळे त्यांना जागी धरून ठेवतात. कालव्यांतला गाळ उपसून वर टाकला की खत मिळते आणि पाणी शेजारीच असल्याने वर्षातून अनेक पिके निघतात. रविवारी मुख्य धक्क्यावर रंगीत त्राहिनेरा होड्यांची दाटी होते, होडीला होडी घासते आणि मारियाची वादक गाण्यामागे दर सांगतात. खरी शेती पाहायची तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे, क्वेमांको बाजूने जाणारी होडी धरावी. तिथेही घट आहेच. अनेक चिनाम्पांवर आता भाड्याने देण्याची फुटबॉलची मैदाने आहेत. भिवंडी तालुक्यातल्या वळ, पूर्णा, राहनाळ या गावांत भातखाचरांवर गोदामे उभी राहिलेली ज्यांनी पाहिली, त्यांना यामागचे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

याच चिनाम्पांत ऑक्टोबरमध्ये झेंडू फुलतो. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. पहिला दिवस मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात ओफ्रेंदा मांडतात. त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा पेला, हाडांच्या आकाराचा पाव, त्यांना आवडणारे पदार्थ, असली तर त्यांची सिगारेटही. दारापासून तिथपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, कारण वासाच्या मागोमाग आत्मा घरी येतो अशी समजूत आहे. आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात ओवला जाणारा हाच टपोरा झेंडू. शहरात हे पाहायला हामाइका हा फुलबाजार उत्तम. तो रात्रभर चालू असतो. आग्नेय कडेच्या मिश्किक गावात २ नोव्हेंबरच्या रात्री अख्खे स्मशान दिव्यांनी उजळते. तिथे पाहुण्याने काठाने चालावे, फोटो विचारून काढावा. ती माणसे आपल्या मृतांना भेटायला आलेली असतात.

ज्या भव्य मिरवणुकीसाठी आता हजारो पर्यटक शहरात येतात, ती मात्र जुनी नाही. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँड चित्रपटाने पडद्यावर अशी एक मिरवणूक दाखवली आणि शहराने ती २०१६ पासून प्रत्यक्षात काढायला सुरुवात केली. तिला खोटी म्हणण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या कितीतरी ‘प्राचीन’ मिरवणुकांच्या वयाची चौकशी केली तर फार मागे जाता येत नाही.

जुन्या-नव्याची अशीच सरमिसळ तिथल्या विणकामातही आहे; त्यातली गंमत भिवंडीकराला चटकन कळेल. कमरेच्या मागात चौकट नसते. ताण्याचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेले असते आणि दुसरे विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताण बसतो, पुढे झुकली की सैल पडतो. रेबोसो या लांब शालीचे सूत विणण्याआधीच गाठी मारून रंगवतात, तेव्हाच नक्षी ठरून जाते. सिउदादेला बाजारात असे कापड मिळते आणि यंत्रावरचेही मिळते. उलटी बाजू पाहिली तर फरक ओळखता येतो.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी धाप लागते, जिने हळू चढावेत. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ बरा. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात.

खानखोजे जिथे शिकवत त्या चापिंगोला जायला शहराच्या पूर्व बस स्थानकावरून टेश्कोकोची बस मिळते. एका जुन्या जमीनदारी वाड्यात वसलेल्या या कृषी विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात रिव्हेराने १९२४ ते १९२७ मध्ये जमिनीची कथा रंगवली आहे. जमीन पिळून घ्यायला शिकवावे, माणसे नव्हेत, असे त्या संस्थेचे ब्रीद आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते तिथे खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. जवळच एल बातान इथे आंतरराष्ट्रीय मका आणि गहू सुधार केंद्राचे मुख्यालय आहे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे मागवले, ते नॉर्मन बोरलॉग यांनी याच देशात तयार केलेल्या बुटक्या वाणांचे होते. केंद्राच्या बीजपेढीत जगभरच्या मक्याचे आणि गव्हाचे नमुने थंडीत जपून ठेवलेले असतात, त्यात टेओसिंतेचेही आहेत.